डोंगरबाची टोपी

एक होता डोंगर. राजाही आहे बरं का या गोष्टीत, पण तो मागून येतो. आधी डोंगर. पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा तो दिसायचा, म्हणून सगळे त्याला डोंगरबा म्हणायचे. त्याच्या पायाशी वीस-बावीस घरांची एक वाडी होती. वाडीत सगळे कुंभार. मडकी घडवायची, भट्टीत भाजायची, गाढवावर लादून बाजारी न्यायची.

त्या वाडीत राहायची हौसाक्का, गेनू कुंभाराची बायको. दिवसभर तीही माती तुडवायची, मडकी उन्हात मांडायची, चुलीचं बघायची. पण तिचा जीव सगळा लोकरीत. कमरेला टकळी खोचलेलीच असायची. पाणी तापेपर्यंत हातभर धागा कातून व्हायचा. भट्टी निवेपर्यंत चार बोटं विणून व्हायचं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. आवड म्हणून करायची.

लोकर कुठून यायची? तर दरसाल बिरूदादा मेंढपाळ आपली तीनशे मेंढरं घेऊन डोंगरबावर चरायला यायचा. मेंढरं कातरली की दोन गाठोडी हौसाक्काच्या दारात टाकायचा, आणि ती त्याला एक टोपी विणून द्यायची. तिनं काय काय विणलं म्हणून सांगू! गेनूला पायमोजे. आत्याबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, कानटोपी. तांब्याला बंडी. आणि गाढवाला? गाढवाला कानमोजे!

"हौसे," आत्याबाई म्हणायच्या, "चूल तेवढी उघडी राहिली बघ. तिलाही शिव एक परकर."

तरी माळ्यावर लोकर उरायचीच. बारा वर्षांची लोकर! माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

"असू द्या आत्याबाई. लागते कधीतरी."

"कुणाला लागते एवढी? डोंगराला?"

आणि हौसाक्का खुदकन हसायची.

पण तिची एक खोड होती हं. मेंढरं रानभर हिंडतात, तेव्हा त्यांच्या अंगाला कुसळं चिकटतात, गोखरू चिकटतात, गवताचं बी, झाडाचं बी, काय काय चिकटतं. लोकर पिंजायच्या आधी ते सगळं बोटांनी वेचून काढायचं असतं. कंटाळवाणं काम! हौसाक्का वरवर वेचायची आणि लगेच टकळी फिरवायला बसायची. मग ती टोपी घातली की आत्याबाईंची मान खाजायची.

"अगं, टोपी विणलीस की बाभळीचं बन?"

तर असं सगळं चाललं होतं. आता येतो राजा.

राजा राहायचा नदीपलीकडे. त्याला वाटलं, आपल्याला शंभर खांबांचा महाल पाहिजे. मग त्यानं माणसं धाडली. त्यांनी डोंगरबाच्या माथ्यावरचं झाड न् झाड तोडलं आणि नेलं. महाल झाला. डोंगरबाचं डोकं मात्र तुळतुळीत झालं.

मग थंडी आली. माथ्यावरून वारा सुटला. आणि एके सकाळी डोंगरबा हुडहुडला. हुडूहुडू! वाडीतली सगळी मडकी एकमेकांवर वाजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडला. विहिरीतलं पाणी उसळून काठावर आलं. तिसऱ्या दिवशी असा हुडहुडला, असा हुडहुडला, की वरून हंड्याएवढा धोंडा गडगडत आला आणि गेनूच्या भट्टीत जाऊन पडला. भट्टीचा चुराडा!

लगेच राजाची दवंडी आली. डोंगर पिसाळला आहे. आठ दिवसांत वाडी रिकामी करा. नवव्या दिवशी आमचे शिपाई घरं पाडतील.

आता जायचं कुठे? मडक्यांची ती चिकण, काळी माती डोंगरबाच्या पायाशीच मिळायची, दुसरीकडे कुठे नाही. माती नाही तर कुंभार कसला? बायका भांडी आवरायला लागल्या. आत्याबाई मात्र उंबऱ्यात ठाण मांडून बसल्या. "मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांची होते. मला घरासकट उचला."

हौसाक्का उठली आणि डोंगर चढून वर गेली. माथ्यावरच्या उघड्या कातळावर तिनं तळवा ठेवला. कातळ बारीक बारीक थरथरत होता. तिला ती थरथर ओळखीची वाटली. कुठे बरं लागली होती हाताला? मग एकदम आठवलं. नुकतं कातरलेलं मेंढरू! पहिले दोन दिवस ते अगदी असंच थरथरतं.

"अगो बाई," ती म्हणाली. "हा कुठला पिसाळतोय? याला थंडी वाजते आहे."

ती तशीच नदी ओलांडून थेट राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, डोंगरबाला थंडी वाजते. तुम्ही त्याचे केस भादरलेत. मी त्याला टोपी विणते."

सगळा दरबार हसला. राजा तर इतका हसला की त्याचा मुकुट कलला, आणि खालून गोरंपान टक्कल दिसलं.

"डोंगराला टोपी! किती दिवसांत?"

"तुम्ही दिलेत ना आठ दिवस? तेवढ्यात."

"आणि नाही झाली तर?"

"तर आम्ही आमच्या पायांनी निघून जाऊ. पण झाली आणि डोंगरबा शांत झाला, तर वाडी जागेवर राहील. शब्द द्या."

राजानं हसत हसत शब्द दिला.

मग काय विचारता! हौसाक्कानं माळा रिकामा केला. अंगणात लोकरीचा ढीग लागला, घराएवढा. गेनूनं दोन उंच बांबू आणले, तासले, घासून गुळगुळीत केले. झाल्या सुया! एका सुईला दहा बायका, दुसऱ्या सुईला दहा बायका. पुरुष सगळे कातायला बसले. आणि हौसाक्का पालथ्या रांजणावर उभी राहून ओरडायची, "सुलट! सुलट! आता उलट!"

आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "हौसे, आधी हातभर नमुना विणून बघ. किती टाक्यांत किती रुंदी भरते ते मोज. मग टाके घाल."

"आत्याबाई, नमुन्याला वेळ कुठे आहे? मला नजरेनं कळतं."

तीन दिवस विणलं. टोपी वर नेली. आणि काय सांगू! डोंगरबाच्या टाळूवर ती नुसती बोंडासारखी बसली. कानसुद्धा झाकले नाहीत. डोंगरबाला अशी हुडहुडी भरली, की टोपी उडून पुन्हा अंगणात!

गेनूनं डोक्याला हात लावला. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. हौसाक्का मात्र टोपीचं टोक शोधून उसवायला बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "नमुना विणायला हवा होता. त्यात काय रडायचंय? लोकर कुठे गेली नाही, नुसता आकार गेला. चला, ओढा धागा."

मग नमुना विणला. मोजला. गेनूनं धाग्याचं एक टोक धरलं आणि हौसाक्का सकाळपासून दुपारपर्यंत डोंगरबाच्या डोक्याभोवती चालली, मापं घेतली, आणि नवे टाके घातले. आता टोपी भराभर वाढायला लागली. सगळ्यांचे हात बसले होते. गप्पांना ऊत आला होता.

सहाव्या दिवशी आत्याबाईंनी उंबऱ्यापर्यंत आलेल्या विणीवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. खाली, पार खाली, एक टाका सुटला होता! सुटला तो सुटला, आणि त्याच्यावरचे सगळे टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे पडले होते.

"कुणाचा सुटला?" आत्याबाईंनी विचारलं. सगळ्या जणी खाली बघायला लागल्या.

"माझाच," हौसाक्का म्हणाली. "गाढवाला पहिल्यांदा कानमोजे घातले त्याची गोष्ट सांगत होते ना मी, तेव्हा."

गेनू हळूच म्हणाला, "अगं, राहू दे की. एवढ्या मोठ्या टोपीत एक टाका. कोण बघायला येतंय वर?"

"वारा येतोय ना. तो बरोबर तिथूनच शिरेल, आणि सगळी टोपी फाडून टाकेल."

मग तिनं काय केलं माहितीये? विहिरीत पडलेली घागर काढायचा लोखंडी गळ असतो ना, तो आणला. तो गळ खालच्या टाक्यात अडकवला आणि वरचा धागा त्यातून ओढून घेतला. झाली एक पायरी. मग दुसरी. मग तिसरी. अख्खा दिवस गेला. संध्याकाळी टाका वर येऊन सुईवर बसला. कुठून सुटला होता ते शोधूनही सापडेना.

आठवा दिवस उजाडला. आता फक्त शेंड्याच्या चार ओळी राहिल्या होत्या. आणि लोकर संपली!

माळा झाडला, काही नाही. गाठोडी झटकली, काही नाही. नदीपलीकडून राजाचे शिपाई पहारी घेऊन यायला निघालेसुद्धा. दुसऱ्या दिवशी घरं पाडायची होती ना.

तेव्हा आत्याबाई उंबऱ्यातून उठल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा उठल्या, बरं का. डोक्यावरची कानटोपी काढली, तिचं टोक दातानं तोडलं आणि म्हणाल्या, "घे. उसव." गेनूनं पायमोजे काढले. तांब्याची बंडी आली. गाढवाचे कानमोजे आले, तेव्हा गाढवानं जरा आरडाओरडा केला, पण दिले. एक ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीही झाली. चौथीला पुन्हा धागा सरला.

तेवढ्यात मेंढरांची घुंगरं वाजली. बिरूदादा! डोक्यावर गाठोडं. "अक्का, जुनी लोकर होती माझ्याकडे पडलेली. पण निवडलेली नाही. सगळी कुसळं न् बी भरलंय तिच्यात."

हौसाक्कानं गाठोडं उघडलं. काय ते गोखरू! काय ते बी! लोकर कमी आणि रान जास्त. निवडायला बसावं तर दिवस जाणार. तिनं आत्याबाईंकडे बघितलं.

"बघतेस काय माझ्याकडे?" आत्याबाई म्हणाल्या. "कात तशीच. त्याचं डोकं खाजलं तर मी बघून घेईन."

मग हौसाक्कानं टकळी अशी फिरवली, अशी फिरवली, की ती दिसेनाच. चौथी ओळ झाली. टाके बंद केले. बिरूदादानं टोपीचे काठ तीनशे मेंढरांच्या पाठींवर टाकले आणि शीळ घातली. निघाली मेंढरं डोंगर चढत! खालून असं वाटलं, की एक पांढरा ढगच तुरुतुरु पायांनी वर चाललाय.

मेंढरं माथ्यावर पोचली. चहूबाजूंनी खाली उतरली. आणि टोपी बसली. कानांवरून, कपाळावरून, अगदी भुवयांपर्यंत! मापात!

राजाही नदीकाठी येऊन बघत होता. सगळे वर डोळे लावून उभे. वारा आला. टोपीला धडकला, इकडून तिकडे हिंडला, आत शिरायला एक भोक सापडेना. निघून गेला. डोंगरबा एकदा हुडहुडला, पण हळूच. मग मडकी वाजली नाहीत, पाणी उसळलं नाही, धोंडा हलला नाही. आणि मग आतून, खूप आतून, आवाज आला. घुर्रर्र... घुर्रर्र...

डोंगरबा घोरत होता!

शिपायांनी पहारी खाली ठेवल्या. राजानं शब्द दिला होता, तो पाळला. वाडी जागेवर राहिली. त्याच पहारींनी शिपायांनी गेनूच्या भट्टीतला धोंडा काढून दिला. गेनूनं नवी भट्टी बांधली आणि आत्याबाई पुन्हा उंबऱ्यात बसल्या.

गोष्ट संपली नाही हं अजून.

थंडी गेली. उन्हाळा गेला. पाऊस पडून गेला. आणि एक दिवस हौसाक्का वर बघते तर काय, टोपी हिरवी झाली होती! शेवटच्या ओळीत ते न निवडलेलं बी होतं, आणि बाकीच्या लोकरीतलंही हौसाक्कानं वरवरच वेचलं होतं ना? ते सगळं उगवलं होतं. टोपीच्या टाक्याटाक्यांतून इवलाली रोपं डोकी काढत होती. बोर होती, आपटा होता, पळस होता. चार-सहा वर्षांत ती मोठी झाली. डोंगरबाच्या डोक्यावर पुन्हा केस आले. मग टोपी विरली, आणि उरलेली लोकर पाखरांनी घरट्यांना नेली.

ते बघायला राजा आला. त्यानं झाडं बघितली आणि माथ्यावर कुऱ्हाड न्यायला सगळ्यांना मनाई केली, स्वतःलासुद्धा. मग हळूच हौसाक्काजवळ आला, मुकुट काढला आणि म्हणाला, "हौसाक्का, मला पण एक टोपी विणशील का गं? मुकुट फार गार लागतो."

हौसाक्कानं राजाच्या टकलाकडे बघितलं.

"विणते की महाराज. पण आधी नमुना विणणार, मग मापं घेणार. गडबड करायची नाही."

"आणि लोकर निवडून घे," राजा म्हणाला.

"का बरं?" आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "राहू दे थोडं बी. उगवलं तर तुमच्याच डोक्यावर उगवेल."

राजा हसला, हौसाक्का हसली, गाढवानंही नवे कानमोजे हलवले. मग सगळी वाडी उबेत राहिली, पोटभर जेवली, गाढ झोपली.

डोंगरबा अजून घोरतोय. कान दिलात तर ऐकू येईल. घुर्रर्र... घुर्रर्र... पण त्यासाठी आपण अगदी गप्प पडून राहायचं. डोळे मिटायचे. गोधडी कानावर ओढायची. हं, अश्शी. मापात बसली.