एकशे बारा आवर्तनं आणि एक टिंग

एकदा काय झालं, जर्मनीतल्या एका गावात एबरहार्ट नावाचे म्हातारे मास्तर होते. आधी तीस वर्षं त्यांनी पियानो बडवला. बोटं आखडली तशी छडी हातात घेतली. मारायची नाही हो, वाद्यवृंदापुढे उभं राहून हलवायची. त्यातही एवढं नाव काढलं, की गावच्या बेकरीत त्यांना रांग लावावी लागत नसे.

त्यांचा शिष्य टिलमान. पियानोवर एक नंबर, पण छडी हातात आली की याच्या अंगात यायचं. पुढच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्या बायका खुर्च्या मागे सरकवून बसायच्या.

तेव्हा गावच्या वाद्यवृंदाला नवा संचालक हवा होता. तिथली रीत अशी, की उमेदवाराने एक कार्यक्रम करायचा आणि मग वादकांनीच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. टिलमानचा कार्यक्रम शनिवारी होता. नापास झाला, तर जन्मभर हॉटेलात पियानो वाजवायचा, लोक सूप भुरकत असताना.

बुधवारची तालीम संपली आणि टिलमान घामाघूम होऊन कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या मास्तरांकडे आला.

"मास्तर, हे लोक माझ्याकडे बघतच नाहीत!"

"कसे बघतील? डोळ्यात छडी जाईल म्हणून मिटून बसलेत बिचारे."

"थट्टा नको, उपाय सांगा."

"उद्या तू गुड्रूनबाईंच्या जागी बस. छडी मी धरतो."

गुड्रूनबाई बसायच्या पार शेवटच्या रांगेत. त्यांचं वाद्य म्हणजे लोखंडी सळीचा एक त्रिकोण. काम काय, तर एकशे बारा आवर्तनं गप्प बसून मोजायची आणि एकशे तेराव्याला एकदाच टिंग करायचं. बस्स.

"मी? आणि टिंग?" टिलमानचं तोंड एवढंसं झालं.

"जमेल ना रे बाळा?" गुड्रूनबाईंनी त्रिकोण त्याच्या हातात दिला. "पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात. ही सळी एकच आहे, घाबरू नको."

दुसऱ्या दिवशी तालीम सुरू झाली. चाळीसपर्यंत बेस्ट चाललं. साठाव्याला नाक खाजलं. सत्तराव्याला बासरीवालीनं असलं काही गोड वाजवलं, की मोजणीच गेली. सत्तर की बहात्तर? टिलमाननं घाबरून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत हात गरागरा फिरवत होते, अगदी टिलमानसारखे. शेवटी त्यानं अंदाजानं ठोकलं. टिंग! नेमके सगळे श्वास रोखून थांबले होते तेव्हाच. नगाऱ्याएवढ्या पोटाचा, ट्रॉम्बोनचा पितळी कर्णा फुंकणारा वादक हसून हसून खुर्चीवरून घसरला.

"मास्तर, नुसती मान हलवली असती माझ्याकडे बघून, तरी चाललं असतं!"

"काल गुड्रूनबाईही तुझ्याकडे बघत होत्या. तू कुठे बघत होतास?"

टिलमान जमिनीकडे बघत पुटपुटला, "खिडकीच्या काचेत. केस कसे उडतात ते."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "बाळ, आपल्या छडीतून एकही सूर निघत नाही. वाजवतात ते. ज्याची वेळ आली, त्याला 'तू आहेस, मला ठाऊक आहे' एवढं सांगायलाच आपण उभे असतो. बाकीचा व्यायाम घरी करावा."

शनिवारी टिलमानचे हात जेमतेम कोपरापर्यंत हलले. डोळे मात्र सगळ्या रांगांतून फिरले. एकशे बारावं संपत आलं तसा तो मागे गुड्रूनबाईंकडे वळला आणि त्यानं मान हलवली. टिंग असं स्वच्छ वाजलं, की खोकणाऱ्या आजोबांनी खोकला गिळला.

मग चिठ्ठ्या मोजल्या. बासष्टपैकी साठ त्याच्या बाजूनं. नोकरी पक्की!

टिलमान आधी नाचला, मग कुजबुजला, "मास्तर, ते दोघं कोण असतील?"

"कशाला शोधतोस? सगळ्यांकडेच बघत जा."

टिलमाननं ते दोघं कधी शोधले नाहीत. बघतो मात्र बासष्टच्या बासष्टांकडे.