वेणूचे दात

"रक्त दोघींचं एकच, माय. मग वेणूचेच दात पुढे का?"

कुमुद कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. विचारायला आली होती खरी, पण उत्तर घरूनच तयार करून आणलं होतं.

मठाच्या ओसरीवर गोदामाय शेंगा फोडत बसली होती. तोंडात औषधालाही दात नाही.

"तूच सांग की," माय म्हणाली.

"पोरी जुळ्या, अगदी एकाच बीजाच्या. जन्मानं मिळालं ते दोघींना सारखंच. म्हणजे फरक पडला तो नंतर. वेणू अंगठा चोखायची... आणि मी चोखू दिला. रेणू सतत आजारी, निदान वेणूचं रडणं तरी थांबतंय म्हणून." कुमुद पुढे सरकली. "माझ्यामुळेच झालं ना? एकदाचं काय ते सांगून टाका."

"असेलही. रडत्या लेकराला आईनं दुसरं काय करावं?"

कुमुदला ते पटलं नाही.

मायनं अंगणात खेळणाऱ्या पोरींना हाक मारली. त्या आल्या तशी तिनं एक दाणा तोंडात टाकला आणि हिरड्यांनी चावायला गेली. दाणा सुळकन निसटला तो थेट कुमुदच्या मांडीवर!

पोरींना हसू फुटलं. तेवढ्यात त्यांनी आईकडे पाहिलं, आणि झटकन तोंडावर हात धरले.

दोघींनी.

"हिचे दात तर सरळ आहेत," मायनं रेणूकडे बोट केलं. "हिनं का गं तोंड झाकलं?"

कुमुदनं रेणूकडे पाहिलं.

रेणूच पुटपुटली, "आम्ही हसलो की आई आधी दात बघते. मग तिचा चेहरा पडतो."

कुमुदला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ती रडू लागली.

"वेणूच्या दातांना डॉक्टर तार लावेल," माय म्हणाली. "तुझ्या कपाळावरच्या आठ्यांना मी काय लावू, बाई?"

आणि बोळकं उघडं टाकून माय अशी खदखदून हसली, की कुमुदला रडता रडता हसू आलं. ते पाहून पोरींचे हात खाली आले, आणि तिघीही पोट धरून हसत सुटल्या. या खेपेला कुमुदनं कुणाचे दात बघितलेच नाहीत.

माय डोळे पुसत म्हणाली,

"आता सांग, यातली वेणू कुठली?"