टिंबी मुंगीचं घर उसवलं

काळी मुंगी राहते बिळात. लाल मुंगी राहते भिंतीत. आणि ओंबील? ती राहते आंब्यावर, उंच उंच! पानाला पान जोडते नि घर शिवते. धागा कुठला? बाळाच्या तोंडातला!

अशी एक ओंबील होती, टिंबी. एकदा वारा आला, सूं सूं सूं! घर उसवलं, टर्रर्र! ऊन आत आलं. पांढरं पांढरं बाळ सुकायला लागलं.

"अगं बाई, आता कसं व्हायचं! बाळा बाळा, धागा दे."

"भूक लागली," बाळ म्हणालं. "गोड थेंब आण, मग धागा."

टिंबी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पानावर होता मावा, हिरवा एवढुस्सा किडा. गोड थेंब त्याच्याकडेच.

"मावादादा, थेंब दे. बाळ धागा देईना, घर कसं शिवू?"

"पानात रस नाही, थेंब कुठला? मुळाला सांग."

टिंबी खाली उतरली, तुरुतुरु तुरुतुरु.

"मुळा मुळा, रस चढव. मावा थेंब देईना, बाळ धागा देईना, घर कसं शिवू?"

"माती कोरडी ठाक! आवडाकाकीला सांग."

आंबा आवडाकाकीचा. काकी बादली घेऊन उभी, पण लांबच.

"काकी काकी, पाणी घाल. मूळ रस चढवेना, मावा थेंब देईना, बाळ धागा देईना, घर कसं शिवू?"

"नको गो बाय! फांदीवर केसाळ सुरवंट बसलाय. अंगावर पडला की खाजच खाज! तो जाऊ दे, मग घालते."

टिंबी वर चढली, तुरु... तुरु... पाय दुखले बिचारीचे.

"सुरवंटा, फांदी सोड. काकी पाणी घालेना, मूळ रस चढवेना, मावा थेंब देईना, बाळ धागा देईना, घर कसं शिवू?"

"हॅट्! एवढीशी तू! नाही सोडत, जा."

झालं! आता कुणाला सांगणार? ऊन तापलं. बाळ हलेना. टिंबी रडली, रडली, रडून दमली.

तेवढ्यात बहिणी आल्या. "काय झालं गं?"

"सुरवंट फांदी सोडेना, काकी पाणी घालेना, मूळ रस चढवेना, मावा थेंब देईना, बाळ धागा देईना, घर कसं शिवू?"

"सगळ्यांना सांगितलंस. आणि आम्हाला गं?"

टिंबीने डोळे पुसले. खरंच की! वेडाबाई एकटीच धावत होती!

मग एकीने धरली दुसरीची कंबर. दुसरीने धरली तिसरीची. झाली लांबच लांब साखळी. पहिलीने पकडला सुरवंट.

"ओढा गं ओढा! हय्या हुप्प!"

सुरवंट पडला, धप्प!
काकीने पाणी घातलं, बद बद बद!
मुळाने रस चढवला, सुर्रर्र!
माव्याने थेंब दिला, टप्प!
बाळ थेंब प्यायलं, मिटक मिटक!
बाळाने धागा दिला, सर सर सर!

बहिणींनी पानं ओढून धरली. टिंबीने बाळाला अलगद उचललं. या पानाला टेकवलं, त्या पानाला टेकवलं. घर शिवलं! ऊन बाहेर, बाळ आत.

पण बाळाने सगळा धागा घराला दिला. त्याच्या दुलईला उरलाच नाही.

"दुलई कुठे माझी?" बाळ म्हणालं.

टिंबीने त्याला पोटाशी घेतलं. सहाही पायांनी घट्ट धरलं.

"ही बघ दुलई. झोप रे सोन्या."

आणि बाळ झोपलं.