पटावरची नावाडीण

एका राज्यात हेमकला नावाची राणी राज्य करीत असे, आणि तिचा एकुलता एक पुत्र इंद्रसेन सारीपाटात अडकून पडला होता. तो पट कर्कटक जादूगाराने नजराणा म्हणून धाडलेला. पटात खरं अरण्य होतं, खरी नदी होती. जो खेळायला बसे तो आत जाई आणि लाकडाची सोंगटी होऊन राही. सोंगट्यांना चालता येई, बोलता येई. परतता तेवढं येत नसे. युवराजाच्या नादाने निम्मा दरबार आत गेला होता. शहाण्यांना खेळ दिसला की असंच होतं.

राणीला मातीच्या माणसात प्राण फुंकण्याची विद्या येत होती. तिची साळुंकी म्हणाली, "महाराणी, आत सगळे खेळणारेच आहेत. ज्याला कोणी खेळवत नाही, असं एक माणूस घडवून नदीवर बसवा. ते त्यांना परत धाडील."

राणीने आधी शूर योद्धा घडवला. फासे दिसताच गडी बाह्या सरसावून खेळायला बसला आणि त्याचीही सोंगटी झाली. मग तिने सर्वज्ञ ऋषी घडवला. त्याला वाट विचारावी, तर तो सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करी. सोंगट्या उभ्या-उभ्या पेंगू लागल्या.

"आपण गुण भरता, ओढ भरत नाही," साळुंकी म्हणाली. "त्याला स्वतःला काहीतरी हवं असलं पाहिजे."

"मातीला काय हवं असणार?"

"आपली ओढ द्या. पण दिलेली परत मिळत नाही."

राणीला एकच हवं होतं, मुलगा परत यावा. ती घळाघळा रडली, पण तिचे हात थांबले नाहीत. तिसऱ्या खेपेस एक म्हातारी नावाडीण घडली, आणि राणीचं वाट पाहणं तिच्या काळजात गेलं.

म्हातारीने नदीकाठी पहिल्याच सोंगटीला हटकलं. ती इंद्रसेनाची होती.

"घरून निघताना आईला काय म्हणालास रे?"

"रागात होतो. म्हटलं, जातो."

"हात मेल्या! जातो म्हणतं का कुणी? येतो म्हणावं."

कर्कटकाची सारी जादू तेवढीच होती. खेळाच्या घाईत जो तो 'जातो' म्हणून निघे, आणि जादूगार तो शब्द धरून ठेवी.

"येतो," इंद्रसेन म्हणाला, आणि लाकडाचा पुन्हा हाडामांसाचा माणूस झाला. मागोमाग सारा दरबार 'येतो, येतो' म्हणत नावेत चढला. फासे तडकले, कर्कटक आपल्या गुहेत लाकूड होऊन पडला. राज्याची घडी पुन्हा बसली.

इंद्रसेनाने आईचे पाय धरले. "आईसाहेब, आलो."

राणीने त्याला ओळखलं. त्याचं पान वाढायला सांगितलं आणि ती न्यायनिवाड्याला निघून गेली. कामं पुष्कळ तुंबली होती.

"आईसाहेब रागावल्या का गं?" त्याने साळुंकीला विचारलं.

"नाही, युवराज. वाट पाहणारी नदीवर आहे."

ताट तसंच टाकून इंद्रसेन पटात उतरला. म्हातारी नाव धूत होती. त्याला पाहताच तिचे डोळे भरले.

"किती उशीर केलास, बाळा," ती म्हणाली. "जेवलास का?"

जसा इंद्रसेन आपल्या आईला भेटला, तसे दूर गेलेले सारे भेटोत.