नऊशे पानांतला तांडेल

आपल्या कोकणातल्या बंदरावर उतरलेल्या डच व्यापाऱ्यांवर शशिकला केळुसकरांनी कादंबरी लिहिली, ती भरली नऊशे पानं. सिनेमा काढायला निघालेल्या कोठावळेशेठनी ती हातात तोलून पाहिली.

"बाई, गोरा कप्तान आणि त्याचं प्रेम तेवढं ठेवू. हे तांडेल, खारवी, कोळणी सगळे काढून टाका. नाहीतर सिनेमा विसरा."

याच माणसांसाठी तर बाईंनी उमेदीची वर्षं खर्ची घातली होती. पण चेहरा हसरा ठेवून त्या म्हणाल्या, "काढते की! मग सिनेमा दोन मिनिटांत संपेल."

"ते कसं?"

"परकं जहाज आमच्या बंदरात शिरायचं, तर पाण्याखालच्या खडकांतून वाट दाखवायला आमचा तांडेल होडी घेऊन पुढे जायचा. तो तुम्ही काढलात. जहाज खडकावर फुटलं, कप्तान बुडाला. समाप्त!"

शेजारी बसलेला दिग्दर्शक खो खो हसला. शेठ ओशाळले.

"बरं, तांडेल राहू दे."

"एकटाच? मग खारव्यांशिवाय होडी वल्हवणार कोण?"

शेठनी हातच जोडले. "घ्या बाई, अख्खं गाव घ्या!"

"घेतेच," बाई ताठ मानेनं म्हणाल्या, "आणि जागा उरली, तर तुमच्या कप्तानालाही घेऊ."