हसनू भिस्त्याची शब-ए-कद्र

भाविकहो, सफीशाह बाबा त्या वर्षी रमजानभर पिंपळदरा गावी, नदीकाठच्या चिंचेखाली मुक्कामाला होते. गावात हसनू नावाचा एक भिस्ती होता. पाठीवर कातडी मशक घेऊन तो मशिदीत पाणी भरी आणि उरलेला वेळ बाबांच्या पायाशी बसे.

शब-ए-कद्र म्हणजे हजार महिन्यांहून थोर अशी रात्र! ती रमजानच्या अखेरच्या दहा रात्रींत, बहुधा विषम तारखेला येते. पण नेमकी कोणती, हे अल्लाहने गुप्त ठेवले आहे. गावचे कमरुद्दीन इनामदार मात्र छातीठोकपणे सांगत, "सत्ताविसावीच!" त्या रात्री त्यांनी मशिदीत दिव्यांची आरास केली. सारी वस्ती प्रार्थनेला जागली. हसनू तेवढा आला नाही. शेजारची गंगू कुंभारीण तापाने फणफणली होती. म्हातारीला कोणी नव्हते. हसनू रात्रभर तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसला.

सकाळी इनामदार चारचौघांत हसले. "काय रे हसनू, एवढी मोठी रात्र दाराशी आली, अन् तू चिंध्या भिजवत बसलास! करंटा तो करंटाच!"

हसनू बाबांपुढे ढसाढसा रडला. "बाबा, माझी रात्र गेली!"

बाबा म्हणाले, "गेली असं कुणी सांगितलं? मालकानं लपवलेली वस्तू एकाच कोनाड्यात शोधून कसं भागेल, बेटा? आजही जाग."

त्या रात्री दमलेले गाव गाढ झोपले. हसनू एकटाच बाबांजवळ नाम घेत बसला होता. एकाएकी बाबांनी डोळे उघडले. "हसनू, मशक भरून घे. इनामदारांच्या घरी धाव!"

कशाला, हे हसनूने विचारले नाही. तो धावत सुटला.

इनामदारांच्या घरात दिवा कलंडून आग लागली होती. त्यांची वृद्ध आई आतल्या खोलीत अडकली होती. "अम्मा! अम्मा!" म्हणत इनामदार ज्वाळांकडे झेपावत होते आणि लोक त्यांना धरून ठेवत होते. हसनू मशकेचे तोंड सोडून थेट आत शिरला. एका मशकेत पाणी ते किती! पण धार खंडेना. चौकट विझली, तुळई विझली, पेटलेली गोधडी विझली, तरी पाणी येतच राहिले! म्हातारीला उचलून हसनू बाहेर आला, तेव्हा मशक पाठीवर काठोकाठ भरलेली होती. साऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले.

पहाटे इनामदार हसनूसह बाबांकडे आले. ते म्हणाले, "बाबा, माझी तारीख चुकली. ती रात्र कालचीच ना?"

"ते अल्लाह जाणे," बाबा म्हणाले. "हसनू गंगूच्या उशाशी बसला होता, तेव्हाही ती असेल. तुमच्या अम्मासाठी आगीत शिरला, तेव्हाही असेल. मी कोण सांगणारा?"

इनामदार बाबांच्या पायांवर वाकले. बाबांनी पाय मागे घेतले आणि हसनूकडे बोट दाखवले.

"इथं नव्हे. तिथं."

गावाने कधी कोणापुढे लवताना न पाहिलेली ती मान हसनूच्या भाजलेल्या पायांवर टेकली.