हंसांची पाचवी निवडणूक

फार वर्षांमागे विलायतेतल्या एका नदीवर हंसांचं राज्य होतं, आणि नदीत एका नाल्याची घाण दिवसरात्र पडत होती. चार वर्षांत माशांच्या मतांवर चार हंस निवडून येऊन गादीवर बसले. दर वेळी बातमीदार कावळा माशांना विचारी, "नव्या साहेबांची पिसं कशी वाटली?"

शेवटी म्हातारी मासोळी भडकली. "अरे मेल्या, पिसं कसली बघतोस? इथे माझी पिल्लं गुदमरताहेत! तो नाला कोण बुजवणार, ते विचार त्यांना!"

"विचारतो की, आजी. पण आधी सांगा, पाचव्या निवडणुकीत कोण जिंकेल?"

पाचव्या निवडणुकीला एकही मासा मत द्यायला आला नाही. सगळे पोट वर करून तरंगत होते. म्हातारीच्या फुगलेल्या पोटावर बसून कावळा ओरडला, "ताजी बातमी! माशांना राजकारणात रसच उरलेला नाही!"